घोड्यावर बसलीस तर कोची

१२ एप्रिल, पापडी

शॅननची बारावीची परीक्षा संपून महिनाही झाला नाही आणि आज जेवताना तिने जाहीर केलं की तिला कोचीला जाऊन मत्स्यविज्ञान शिकायचंय. चार वर्षं. हॉस्टेलमध्ये. मासे वसईतही आहेत, हे मी निदर्शनास आणून दिलं. तिने ताटातला बोंबील माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, घे डॅडी, तू शिकव. क्लेमेंटीन म्हणाली, विचार करायला काय हरकत आहे? म्हणजे तिचा विचार करून झालाय. नकार द्यायचा तो आता मी एकट्याने.

माझा विरोध नाही. हे लिहून ठेवतो. प्रश्न एवढाच की मुलगी भित्री आहे. पाच वर्षांची असताना माथेरानला घोड्यावर बसवली, तर घोडा हलायच्या आत भोकाड पसरलं. असं मूल कोचीत एकटं राहणार?

१५ एप्रिल

मार्ग सापडला. मे महिन्यात आम्ही आयर्लंडला एलिसाकडे चाललोय. एलिसा क्लेमेंटीनची धाकटी बहीण, तिथे नर्स आहे. आज फोनवर म्हणाली, घराजवळ तबेला आहे, किनाऱ्यावरून फेरी मारून आणतात, भाऊजी, सगळ्यांचं बुक करू का? मी तिथल्या तिथे शॅननला सांगितलं: घोड्यावर बसून पूर्ण फेरी मारलीस तर कोची. नाहीतर इथलंच कॉलेज. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की मला वाटलं अट कळली नाही. पुन्हा सांगितली. पुन्हा हो.

अट न्याय्य आहे का, यावर प्रामाणिकपणे विचार केला. ती नापास व्हावी अशी माझी इच्छा आहे का? नाही. ती नापास होईल अशी खात्री आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२० एप्रिल

क्लेमेंटीन विचारते, फर्डी, तूही बसणार ना? म्हटलं, अर्थात. मी लहानपणी बैलगाडीत बसलेलो आहे. तत्त्व तेच.

२२ एप्रिल

सराव सुरू. सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसलो. तोल उत्तम. वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्याला गुरुत्वमध्य कुठे असतो ते सांगावं लागत नाही. शॅनन आली, तिने पाहिलं, मोबाईल काढला. मी सोफा दुरुस्त करत असल्याचं सांगितलं. हे खोटं ठरू नये म्हणून नंतर एक स्क्रू खरंच घट्ट केला.

२६ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. घोडा होता. दुरून निरीक्षण केलं. त्यानेही माझं केलं. बसलो नाही, कारण पायात चपला होत्या. पुढच्या रविवारी बूट.

३ मे, रविवार

बूट घातले. घोड्यापाशी लहान मुलांची गर्दी. त्यांचा आनंद हिरावून घेणं मला जमणार नाही.

१० मे, रविवार

आज नक्की बसणार होतो. घोडाच नव्हता. मी किती तयार होतो हे आता कधीच कुणाला कळणार नाही.

१६ मे, आयर्लंड

पोहोचलो. थंडी. इथे याला उन्हाळा म्हणतात. आम्ही घरून सुकेळी आणलीत. उन्हात वाळवलेली आपली राजेळी केळी हातात पडल्यावर एलिसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पाहून आलं नव्हतं.

१८ मे

उद्या घोडे. सकाळपासून वारा सुटलाय. मी सुचवलं की शॅननच्या दृष्टीने पुढे ढकलू या. एलिसा म्हणाली, भाऊजी, इथे वारा थांबायची वाट पाहिली तर लोकांची लग्नंसुद्धा होणार नाहीत. शॅनन म्हणाली, मी ठीक आहे. क्लेमेंटीन म्हणाली, मला भीती वाटते पण येईन. घरात निदान एक तरी खंबीर माणूस हवा म्हणून मी काहीच म्हणालो नाही.

योजना: जनावर आधी जिंकायचं. व्हिडिओत गाजर देतात. गाजर तर कुणीही देईल. मी सुकेळी नेणार.

१९ मे

सविस्तर लिहितो. पुढे गैरसमज नकोत.

तबेल्याची मालकीण साठीची बाई. आवाज असा, की आमच्या चर्चच्या सणाला लाऊडस्पीकर लागणार नाही. तिने विचारलं, आधी बसलायत? क्लेमेंटीन आणि शॅनन नाही म्हणाल्या. मी ‘थोडंफार’ म्हणालो. शून्य हे थोडंफारमध्ये येतं का? गणिताच्या सरांना विचारायला हवं. परिणाम असा की त्या दोघींना गरीब तोंडाचे बुटके घोडे मिळाले आणि मला काळा, आमच्या पोर्चएवढा उंच.

कुणाचं लक्ष नसताना त्याला एक सुकेळं दिलं. त्याने ते चघळलं, थांबला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला समजून घेतलंय. आणखी एक दिलं. घोड्यांना काहीही खायला घालू नका, ही सूचना बाईंनी नंतर दिली. नंतर.

लाकडी पायरीवरून तिसऱ्या प्रयत्नात बसलो. रांगेत सर्वात पुढे बाई, मग शॅनन, मग क्लेमेंटीन, शेवटी मी. शॅननचा चेहरा पांढराफटक. ती वळून म्हणाली, डॅडी, तू डोळे उघड. मी वाऱ्यामुळे मिटले होते.

फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळं नियंत्रणात होतं. मग काळ्याने मान मागे वळवून माझ्या जॅकेटच्या खिशात तोंड घातलं. उरलेलं सुकेळं खाल्लं, खिशासकट. क्लेमेंटीनने वळून पाहिलं आणि मोठ्याने रोझरीची प्रार्थना सुरू केली. मी तिला धीर दिला. आवाज बारीक निघाला असेल, अंतरामुळे. काळ्याने थोडा वेळ विचार केला. सुकेळ्यांचं बाकीचं पाकीट एलिसाच्या हातात आहे आणि एलिसा पार्किंगमध्ये आहे, हे त्याला कसं कळलं, देव जाणे. घोडा परत नेण्याचा निर्णय झाला. निर्णय कुणी घेतला, हा तपशील.

मी हाताशी आलेलं सगळं धरलं होतं. एलिसा गाडीला टेकून इतकी हसत होती की तिच्याच्याने पाकीट लपवणं होईना. म्हणाली, भाऊजी, उतरताय की घोड्यासकट गाडीत बसताय? मी उतरलो नाही. उतरायला कुणीतरी धरावं लागतं आणि धरणारी बाई किनाऱ्यावर होती. तेव्हा पूर्ण फेरीचा वेळ मी पार्किंगमध्येच, घोड्यावर. म्हणजे घोड्यावर सर्वांत जास्त वेळ न डगमगता बसलेला माणूस मीच.

तिथून खाली किनारा दिसत होता. क्लेमेंटीनचा घोडा रोझरीच्या ठेक्यात चालला होता. बाईंनी काहीतरी सांगितलं आणि शॅननचा घोडा दुडक्या चालीने पुढे निघाला, पाण्याच्या कडेकडेने. ती उडत होती, आदळत होती, पण पडली नाही. एलिसा म्हणाली, बघा ना भाऊजी, पोरगी काय मस्त चाललीय! मी बघतच होतो. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं.

२० मे

रात्रभर विचार केला. अट घालताना मी घाई केली. केवळ बसणं हा निकष पुरेसा नाही. मुद्दा भीतीचा होता. नाश्त्याला सहज विचारलं, बाळा, काल भीती वाटली का? शॅनन म्हणाली, खूप. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

म्हणजे नापास. मी हे सौम्य शब्दांत मांडलं.

ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. टोस्ट खाली ठेवला आणि म्हणाली, मला भीती वाटली आणि मी गेले. तुला भीती वाटली की तू मला अट घालतोस. मग खोलीत गेली. दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर मला त्यावर बोलता आलं असतं.

मी क्लेमेंटीनला म्हणालो, माथेरान आठव, घोड्यावर बसवताच कशी रडली होती. क्लेमेंटीन म्हणाली, फर्डी, ती बसवल्यावर हसत होती. घोड्याने शेपूट हलवली म्हणून तू तिला खाली ओढलंस. रडली ती त्यानंतर.

मला असं आठवत नाही. पण क्लेमेंटीनची स्मरणशक्ती चांगली आहे, हे मी इतर बाबतींत मान्य केलेलं आहे.

२० मे, संध्याकाळ

शॅननच्या दारावर टकटक केलं. सांगितलं की सर्व बाजूंनी विचार करून मी तिला उत्तीर्ण करत आहे. ती म्हणाली, थँक्यू डॅडी, पण मी मावशीच्या लॅपटॉपवरून सकाळीच अर्ज भरला. मम्मीने सांगितलं, भर.

तेव्हा निर्णय एकमताने झाला असं म्हणायला हरकत नाही.

११ ऑगस्ट, पापडी

उद्या निघायचं. कोचीला सोडायला मी जाणार. तिला गेटवर सांगायच्या चार गोष्टी तयार केल्या आहेत: धैर्य, स्वावलंबन, खिडकीची कडी, आणि पुन्हा धैर्य.

१७ ऑगस्ट, दुपारी चार

काल परतलो. हॉस्टेल बरं आहे. खिडक्यांना गज आहेत, मी हलवून पाहिले. गेटवर बोलायला सुरुवात केली तर आवाज बसला, कोचीची हवा फार दमट. तिनेच पाठीवर थोपटलं आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नसावं. नक्की सांगता येत नाही, मी दुसरीकडे बघत होतो.

आज सकाळपासून सहज दोन-चारदा फोन केला. मेसेज आला: लेक्चर चालू आहे. जेवले. झोप झाली. पाऊस आहे, छत्री आहे. कडी लावते. सात वाजता फोन करते. तू घाबरू नको.

म्हणजे विचारायला काही शिल्लक ठेवलं नाही.

नोंद म्हणून लिहितो: घरात आता भित्री माणसं दोनच राहिली. हे मी मोठ्याने म्हणालो असेन, कारण क्लेमेंटीन दारात चपला घालता घालता म्हणाली, एक. आणि गेली. स्कूटर शिकते आहे.

सात वाजायला अजून खूप वेळ आहे.