भिंतीपलीकडची बाई

सोलापूर, मंगळवार, ९ एप्रिल १९७४

मावसभावानं लंडनहून आणलेल्या त्या भविष्य सांगणाऱ्या टॅरोच्या पत्त्यांचा नाद करायलाच नको होता.

कारखान्यात मी मागावरच्या चादरीच्या नक्षीसाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतो. तिथं प्रत्येक भोकाचा अर्थ ठरलेला. तसाच टॅरोच्या चित्रांचा अर्थही मी वहीत उतरवून घेतलाय. आज संध्याकाळी धाकट्या बहिणीनं, कमळीनं, पत्ता ओढला. बाळंतपणाला माहेरी आलीय ती. निघाला सूर्य! पांढऱ्या घोड्यावर हसरं पोर, मागं भिंत. वहीत बघून मी सांगितलं, ‘सुख, संतती. लई चांगला पत्ता हाय.’

माझ्या बायकोनं ती वही कधी उघडलेली नाही. भाकरी थापता थापता तिनं पत्त्याकडे पाहिलं आणि सहज बोलून गेली, ‘पोर एकटंच की वो. आई कुटं हाय त्याची?’

कमळी हसली. पण मग जेवलीच नाही.

वही तीनदा चाळली. घोड्याचा अर्थ आहे, भिंतीचा आहे (अलीकडे हे जग, पलीकडे ते), सूर्यफुलांचासुद्धा आहे. आई कुठंच नाही. का नाही?

नक्षीत चूक राहिली की मी ती दुरुस्त करतो. म्हणून पेन घेतलं आणि पत्त्यावर आई काढली, डोक्यावर पदर घेतलेली, अगदी कमळीसारखी. तिला दाखवायला उठलो आणि दारातच थबकलो. पोराजवळ जागा नव्हती, म्हणून मी आईला भिंतीमागं काढलंय. पोर अलीकडे, ती पलीकडे.

आणि शाई पुसता येत नाही.