हॉर्न दिला नाही, पुन्हा करा

ती. मामा यांस साष्टांग नमस्कार.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला माझं आयुष्य बदललं. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा (मामींचं मत नको, गुडघ्याचं कळवा). तोवर इकडचं ऐका.

गोदामाच्या या नोकरीत फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, थेट हातात देत नाहीत. आधी रिकाम्या खोलीत बसवून डोळ्यांवर डबड्याएवढा व्हीआर चष्मा चढवतात, की आत आख्खं गोदाम दिसतं. तिथे हवी तेवढी खोकी पाडा, खरं एकही फुटत नाही (माझ्या डोक्याच्या माणसाला कॉलेजात आधी हेच द्यायला हवं होतं, प्राचार्यांशी भांडणही आतल्या आत उरकलं असतं). चूक झाली की कानात आवाज येतो, ‘हॉर्न दिला नाही. पुन्हा करा.’ मामा, मंगळवारी पहिल्यांदा ऐकलेला हा आवाज आमच्या ट्रेनर बाईंचा, रेकॉर्ड केलेला. बाई म्हणजे माझ्याच वयाच्या. समोर असल्या की माझी वाचा बसते, आणि त्याही ‘पुढचे या’ यापलीकडे बोलत नाहीत. चष्म्यात मात्र थेट कानाशी. मी पुन्हा केलं. कोपरा आला की हॉर्न द्यायचाच नाही, असा नेमच धरला. तीन दिवसांत एकेचाळीस वेळा.

गोची अशी की ते यंत्र एकूण एक चूक लिहून ठेवतं. शुक्रवारी सुपरवायझर कागद नाचवत आले. ‘बहिऱ्या, उद्या एक जरी चूक झाली तर घरी बसायचं.’

शनिवारी प्रत्येक कोपऱ्यावर हॉर्न दिला. चाळीस मिनिटं कानात चकार शब्द नाही. पास झालो आणि रडकुंडीला आलो. चष्मा काढतो तर समोर बाई, हातात तोच कागद.

‘वेग बरोबर, माल बरोबर, चुकतो तो फक्त हॉर्न. इतकं नेमाने कोणी विसरत नाही. मुद्दाम ना?’

मी मान डोलावली. त्या चक्क हसल्या. मग म्हणाल्या, ‘फॉर्मवर घरचा नंबर कोराच ठेवलात. इथे काम करता ते घरी माहीत आहे?’

मी हो म्हणालो.

‘कान लाल झाले तुमचे. आधी घरी खरं सांगा, मग माझ्याशी बोला.’

माझ्याशी बोला, मामा. मशीन नव्हे, स्वतः.

तुमचा लाडका (निदान आजपर्यंत) भाचा

ता. क. बाबांच्या मते मी अजून दुसऱ्या वर्षाला आहे आणि रोज लवकर निघतो तो ग्रंथालयात जागा धरायला. तेवढं तुम्ही त्यांच्या कानावर घालाल का? गुडघा दुखत असेल तर फोनवरूनही चालेल.

आणखी एक ता. क. राहू द्या. तुम्ही सांगितलंत तर उद्या बाईंसमोर माझे कान पुन्हा लाल होणार. आज रविवार, बाबा बाहेर बोळाच्या कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलेत. कोपरा आहे, म्हणून दोनदा मोठ्याने खाकरलो आहे. निघालो. दार ओढून घेतो.