बंड्यानं अंडं घातलं

९ फेब्रु.
आज पुन्हा वरण कच्चं. कुकरच्या चार शिट्ट्यांपैकी दोन बंड्याच्या होत्या. तीन वर्षं झाली ह्या पोपटाला घरात येऊन, अजून फसते मी.
शेजारच्या मंदाताई विचारत होत्या, "हा मोठा कवा होईन वं?" म्हटलं, लहान जातीचा मकाव आहे, एवढाच राहतो. त्यांना ते काही पटलं नाही.
हल्ली नवीन खूळ. मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात शिरून पेपर फाडत बसतो. आत काय शोधतो कोण जाणे.

१३ फेब्रु.
सकाळी खोक्यात अंडं!
पांढरंशुभ्र, सुपारीपेक्षा जरा मोठं. आधी सासूबाईंना हाक मारली, मग जीभ चावली. आई माळकरी. मी आल्यापासून या घरात अंडं आलेलं नाही. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "बाई हाय बाप्पा हे," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.
ह्यांना दुकानात फोन केला. म्हटलं, बंड्यानं अंडं घातलं. ते म्हणाले, "कोन्या बंड्यानं?"

१४ फेब्रु.
वाटत होतं आई खोकं बाहेर ठेवायला लावतील. पूजा आटोपून म्हणाल्या, "आपन थोडंच आनलं? तिनं घातलं." विषय संपला.
मेहकरच्या गुरांच्या डॉ.ना फोन. "वहिनी, म्हशीचं इचारा, सांगतो." पण त्यांनीच संभाजीनगरच्या पक्ष्यांच्या डॉ.चा नंबर दिला. भला माणूस.

१६ फेब्रु.
दुसरं अंडं. संभाजीनगरच्या डॉ.शी बोलले. नर नसला तरी मादी अंडी घालते. पिल्लं निघणार नाहीत. पण उचलायची नाहीत. उचलली की ती आणखी घालणार, अंगातलं कॅल्शियम संपणार, त्यात जीवही जाऊ शकतो. कंटाळून आपणहून उठेपर्यंत बसू द्यायचं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस द्या म्हणाले, कुरतडायला.
मग विचारलं, "पाठीवरून हात फिरवता का?"
रोज. दुपारी मांडीवर घेऊन, मानेपासून शेपटीपर्यंत. डोळे मिटून घेते.
"तेच बंद करा. ती तुम्हाला जोडीदार समजते. हात फक्त डोक्यावर."
फोन ठेवला तेव्हा हसू आलं. नंतर नाही आलं. तीन वर्षं मी लाड करत होते आणि ती संसार मांडत होती.

१७ फेब्रु.
समुद्रफेस म्हणजे काय, कुठे मिळणार, मी मोबाइलवर शोधत बसले. आई म्हणाल्या, "मले इचाराचं ना. काष्ठौषधीच्या दुकानात भेटते. लेकरायच्या कानासाठी आनत होतो आमी." हे संध्याकाळी घेऊन आले, पांढरा, खडूसारखा ठिसूळ तुकडा. बं.नं लगेच कुरतडायला घेतला. ह्याआधी कधी पाहिलेला नाही, मग हाच हवा हे कसं कळलं तिला?

१९ फेब्रु.
तिसरं.

२४ फेब्रु.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन २२८ ग्रॅ. दिवाळीत २५१ होतं. खोक्यातून उठतच नाही. शिट्ट्या बंद. वरण नीट शिजतं आणि जेवण जात नाही.
तासभर बघत बसले. चोचीनं एकेक अंडं उलटवते, मग थांबते, मान वाकडी करून ऐकल्यासारखं करते. आत काही नाही हे तिला कधी कळेल? कशावरून कळेल?

२ मार्च
२१९. डॉ. म्हणाले, २१० च्या खाली गेली तर घेऊन या. एस.टी.नं एवढा प्रवास तिला झेपेल का, ते त्यांनाही सांगता येईना.
आई भिजवलेले हरभरे घेऊन खोक्याशी बसतात. "खाय वं माय. तुह्या पोटाले बी लागते नं." एक दाणा घेतला, टाकला.
हे चिडले. "काऊन एवढं मनाले लावून घेऊन राह्यल्या तुमी दोघी?" संध्याकाळी स्वतःच मक्याचं कणीस घेऊन आले.
मला भीती वाटते. लिहून ठेवते, कुणाला सांगितलं नाही. हे सगळं माझ्या हातानं झालं.

७ मार्च
२१३. संभाजीनगरला जायची पिशवी भरून ठेवली आहे. कणसाचे चारच दाणे.

११ मार्च
दुपारी भांडी लावत होते. पायाशी काहीतरी. खाली बघते तर बं., खोक्यातून उतरून फरशीवरून चालत आलेली. पदर धरून वर चढली. अर्धं कणीस खाल्लं. वजन २१६. ह्यांना फोन केला तर रडूच आलं, ते घाबरले.
मग मांडीवर बसली. मान खाली, पंख सैल, पाठ पुढे केली, पूर्वीसारखी. मी डोक्यावरून हात फिरवला. ती जरा पुढे सरकली, हात पाठीवर यावा म्हणून. मी हात मागे घेतला. पुन्हा सरकली.
आई बघत होत्या. "फिरव नं वं, एकडाव."
नाही फिरवला.
खोक्यात अंडी तशीच, गार होत असतील. ती परत जाते की नाही कळत नाही. अजून मांडीवरच आहे, पाठ पुढे करून. एका हातानं लिहितेय. दुसरा तिच्या डोक्यावर.