उतारावरची टाकी

वाटूर, ता. ४ फेब्रुवारी १९७३

चि. संपत यास,
दादाचा जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही जिवंत आहोत. नांदेडला तू खुशाल असशील असं धरतो.

गावातल्या विहिरीत उतरलेल्या माणसाला आता चिखलबी सापडंना. पाण्याचं काम माझ्याकडं आलंय. नरहरशेटच्या जुन्या पिकअप जीपला मागं दोन हजार लिटरच्या लोखंडी टाकीची ट्राली जोडलीय. दुधना नदीकाठच्या विहिरीवर भरायची, आधी गावाला, मंग आपल्या वस्तीला द्यायची. पेट्रोल एकाच खेपेचं मिळतं. गाडी चढावर रडते, उताराला मात्र सुसाट सुटते. तू एसटीच्या वर्कशॉपातला माणूस. ही म्हातारी किती वजन ओढील, ते जल्दी कळव. तुझी वहिनी म्हणते, भावजींना लग्नाचं विचारा. मी म्हणलं, आधी पाण्याचं विचारू दे.

तुझा दादा,
तातेराव

नांदेड, ता. १० फेब्रुवारी

ती. दादांस,
संपतचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण सोडून लिहायला बसलो. दादा, गाडी ओढील किती ते सोडा, थांबवील किती ते बघा. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन पाणी, वर टाकीचं लोखंड. जीप सव्वा टनाची. ट्रालीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ट्राली आणि माल मिळून गाडीच्या निम्म्या वजनावर जाऊ नये. जास्त झालं की उताराला मागचं ओझं गाडीला ढकलत नेतं. टाकी अर्धी भरली तरी पाणी हिंदकळून ट्राली आडवी करतं. टाकी उतरवून दोन झाकणबंद पिंपं बांधा. तेवढंच. लग्नाचं वहिनींना सांगा, पाऊस पडल्यावर बघू.

लोभ आहेच, तो मला पुरून उरावा.
आपला,
संपत

वाटूर, ता. १९ फेब्रुवारी

चि. संपत यास,
आशीर्वाद.

तुझं म्हणणं बराबर आहे. ग्रामसेवकाला सांगितलं. तो म्हणाला, टाकी सरकारी आहे, काढता येत न्हाई. तरी मी काल तुझं ऐकलं. ट्राली सोडून ठेवली, पिंपं उसनी आणून जीपमधेच बांधली, दोनच भरली. गावातल्या पहिल्याच गल्लीत ती संपली. वस्तीत रिकामी गाडी घेऊन आल्तो. गोजरबाई घागर घेऊन उभी होती, तिच्या सुनेला चार दिवसांचं लेकरू. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रिकामीच घागर घेऊन माघारी गेली.

आज टाकी काठोकाठ भरली. रागावू नको. गाडी हळू चालवतो.

तातेराव

वाटूर, ता. ३ मार्च

संपत भावजींना,
चांगुणाबाईचा जयभीम. मी सांगून राह्यले, लेक सत्यशीला लिहून राह्यली.

तुम्ही माती देऊन गेले, तेव्हा सांगायचं राहून गेलं. आता सांगते. नाल्याच्या उताराला ब्रेक लागलाच न्हाई. ट्राली आडवी झाली, तिनं जीपला उलटं केलं. तुमचे दादा खाली. आवाज ऐकून सगळी वस्ती पळाली. टाकी फुटून पाणी उताराला वाहून चाललं होतं. अर्ध्या बाया त्यांना ओढायला लागल्या, अर्ध्यांनी टाकीखाली भांडी धरली. मी कोणाला बोल लावत न्हाई. मीबी घागर घेऊनच पळाले होते.

तुम्ही स्वतःला दोष देता असं सत्यशीला म्हणते. देऊ नका. त्यांना तुमचं लिहिणं पुरं समजलं होतं. समजून-उमजून रोज जात होते.

आठ दिवस वस्तीला पाणी न्हाई. जीप नाल्यातून काढलीय. आपला पोरगा वसंता चालवतो म्हणतो. तुम्ही या आणि तिचे ब्रेक नीट करून द्या. त्याला मी दोनच पिंपं नेऊ देणार, एक थेंब जास्त न्हाई. पण भावजी, दोन पिंपं आणल्यावर कोणाच्या दारात गाडी थांबवायची न्हाई, हे तुम्हीच येऊन सांगा. माझ्यानं होणार न्हाई.

मायेची पाखर राहू द्या.
तुमची वहिनी,
चांगुणा