भिंत नसलेला दवाखाना

२ जानेवारी, सकाळी
संकल्प. यापुढे ओट्याखालचे कप्पे आणि चपलांचे रॅक डिझाइन करणार नाही. आपण आर्किटेक्ट आहोत, कपाटवाले नाही. यापुढे फक्त अवकाश! बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अवकाश मिळाला की आपल्या बाथरूमची कडी बसव. महिना झाला, आत गाणं म्हणत बसावं लागतंय.
दुर्लक्ष केलं.

६ जानेवारी
संकल्प फळाला आला. मेहुणा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ, दातांचा डॉक्टर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबला, आता स्वतःचा काढतोय. जागा तळमजल्यावर. एकच मोठी खोली, मागे छोटं अंगण. मला म्हणाला, जावईबापू, जास्त काही नको. मध्ये एक पार्टिशन, एक बेसिन, बाहेर थोड्या खुर्च्या.
माणूस सज्जन आहे. पण आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघून बघून दृष्टी आखूड झाली आहे.

९ जानेवारी
सुचलं! दाढी करताना. गाल कापला, पण सुचलं.
दवाखान्यात माणूस का घाबरतो? पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही म्हणून. म्हणजे भीती भिंतीमुळे. भिंत काढा, भीती गेली. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी आहे, हा योगायोग नसावा.
तर मधोमध गोल ओटा. त्यावर ती खुर्ची. भोवती अर्धवर्तुळात पायऱ्या, पायऱ्यांवर पेशंट. मागच्या अंगणातून काचेखालून आत येणारा झरा, काठाने हिरवळ. बायको म्हणाली, तोंड वासून बसलेला माणूस सगळ्यांनी बघायचा? म्हटलं, पारदर्शकता! ती भाजी निवडायला लागली. मोठ्या कल्पनेपुढे माणसं अशीच गप्प होतात.

१४ जानेवारी
मेहुण्याला ड्रॉइंग दाखवलं. त्याने कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा. भारावला असावा. मग विचारलं, पार्टिशन कुठंय? म्हटलं, तेच तर! त्याने बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, दादा, तुझं तूच बघ बाबा. शेवटी तो म्हणाला, तुम्ही यातले जाणकार, तुम्हाला कळत असेल.
पुढे वाद नको म्हणून नोंद करून ठेवतो: होकार दिला होता.

२७ जानेवारी
सुतार भेटला. हिरा आहे. काहीही सांगा, म्हणतो, होऊन जाईल साहेब. टॉयलेटचं दार भिंतीत मिसळलेलं हवं, हँडल नको, फट नको, दाबलं की उघडलं पाहिजे. होऊन जाईल साहेब. कुठे दाबायचं ते कळायला नको, म्हटलं. शोधण्यात गंमत आहे. तेही होऊन जाईल.
अशा माणसाला खरं तर सौंदर्यशास्त्र शिकवायला पाहिजे.

११ फेब्रुवारी
दवाखान्याचं उद्घाटन. पाहुण्यांची गर्दी. झऱ्याचा आवाज अप्रतिम. परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त: थोड्याच वेळात सगळ्यांना टॉयलेटला जायचं होतं. दार कोणाला सापडेना. लोक भिंती चाचपडत फिरत होते. जागेशी असं नातं जुळलेलं मी प्रथमच पाहिलं.
सासूबाईंना सापडलं. दमून भिंतीला टेकल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग आतून हाका. आतून कसं उघडायचं याची योजना राहिली होती. सुतार म्हणाला, साहेब, तुम्ही बाहेरून दाबायचं सांगितलं, आतलं बोललाच नाहीत. शेवटी पहारीने काढलं. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. धक्का ओसरला की बोलतील.

१३ फेब्रुवारी
पहिला पेशंट. चांगला पहिलवान गडी. पायऱ्या भरलेल्या. मशीन सुरू झालं आणि गडी ‘आई गं!’ म्हणून असा ओरडला की आवाज छताला लागून सगळीकडे सारखा पसरला. गोलाकार रचनेचा फायदा. ताबडतोब सगळे प्रेक्षक उभे राहिले. मला वाटलं, मानवंदना. पण ते बाहेर गेले. एक जण चपला विसरून गेला.
निष्कर्ष: पायऱ्या थोड्या ठेंगण्या हव्या होत्या. उठायला फार सोप्या झाल्या.

२२ फेब्रुवारी
दुपारी सहज डोकावलो. मेहुणा स्वतःच्याच खुर्चीत बसला होता. पांढरा कोट, हात मांडीवर, नजर झऱ्याकडे. ध्यान करताय का, म्हटलं. म्हणाला, नाही, वाट बघतोय.
घरी बायको म्हणाली, दादा धड जेवत नाहीये. वहिनी म्हणतेय, जुन्या ठिकाणी परत घेतात का विचारा. मी म्हटलं, लोकांची अजून मानसिक तयारी नाही. ती म्हणाली, लोकांचा दात दुखतोय रे, त्यांची तयारी कसली काढतोस? यावर बिनतोड उत्तर सुचलं, पण ती आत गेल्यावर.
जेवण मलाही गेलं नाही. हवा बदलली असेल.

२ मार्च, सकाळी
कट! पार्टिशन घालायचं ठरलंय. मला न विचारता. सुतार म्हणे त्यांनाही म्हणाला, होऊन जाईल. त्याच तोंडाने! आजपासून मेहुण्याशी अबोला. आमरण.

दुपारी
अबोला मोडला. एका मासिकाचा फोटोग्राफर दवाखान्याचे फोटो काढायला तयार झालाय, मीच मागे लागलो होतो. मेहुण्याला विनवलं, फोटो होईपर्यंत काम थांबवा. लगेच हो म्हणाला. वर चहा पाजला.

५ मार्च
फोटोग्राफर म्हणाला, खुर्चीत माणूस पाहिजे. रस्त्यावर दोघांना विचारलं, दोघांनी रस्ता ओलांडला. मग सासूबाई तोंड उघडून बोलल्या, जावईबापू, तुम्हीच बसा ना.
बसलो. पायऱ्यांवर बायको, सासूबाई, सुतार. मेहुण्याने फोटोपुरता आरसा माझ्या तोंडात घातला आणि थांबला. म्हणाला, ही दाढ कधीपासून अशी आहे? सासूबाई उतरून बघायला आल्या. बायको आली. सुतार म्हणाला, अरारारा, पार पोखरलीय. मेहुण्याने नीट बघावं म्हणून काहीतरी टोकदार उचललं. फोटोग्राफर ओरडला, अस्सेच राहा!
मी ओरडलो नाही. घसा साफ केला. थोडा मोठ्याने. मग जरा मोकळी हवा घ्यावी म्हणून घाईने निघालो, वाटेत भिंतीला हात टेकला आणि टॉयलेटमध्ये गेलो. आतून अजूनही उघडत नाही.

१६ मार्च
मासिक आलं. वास्तुकलेची पानं उलटसुलट चाळली. नाही. बायकोला सापडलं, आरोग्याच्या पानावर. पानभर मी. जबडा वासलेला, डोळे पांढरे, दोन्ही मुठींत मेहुण्याचा कोट. वर ठळक अक्षरांत: ‘दाताच्या डॉक्टरची भीती वाटते? तुम्ही एकटे नाही!’ खाली दवाखान्याचा पत्ता. आर्किटेक्टचं नाव कुठेच नाही.
बायको हसत नव्हती. नुसते खांदे हलत होते.

२० मार्च
पार्टिशन झालं. दार, हँडल, कडी, सगळं. झरा बंद करून तिथे कुंड्या ठेवल्यात म्हणे. फोटो पाहून लोक येतायत, आपल्यासारखेच घाबरट इथे आणखी आहेत का बघू म्हणून. मेहुण्याला आता जेवायला वेळ मिळत नाही. बायको हे सांगताना इतकी खुश होती की मीही होकार दिला. फक्त एवढंच म्हटलं, प्लायवुडचा रंग चुकलाय. तिने विचारलं, तू कधी बघितलास?

२३ मार्च
दाढेने जीव नकोसा केला. गेलो. बसायला जागा नव्हती. मेहुण्याने टोमणा मारला नाही, ड्रॉइंगचा विषय काढला नाही. आत घेतलं, दार लावलं, कडी घातली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, घाबरू नका, जावईबापू. बाहेर काही ऐकू जात नाही.
नव्या इंटिरियरवर इथे सविस्तर टीका लिहिणार होतो. डोळे शेवटपर्यंत मिटलेले होते.