पितळी पाटी

एदोगावा, टोकियो
मार्च २०१४

ती. बाबांस,

फोनवर तुम्ही विचारता, "उल्का, संपली का गं तुझी बेटं?" नाही संपत. माझ्या पीएचडीची ही टोकियोच्या दक्षिणेला भर समुद्रातली ओगासावारा बेटं. एका इंग्रज कप्तानाने तिथल्या झाडावर तांब्याचा पत्रा ठोकला, बेटं आमची म्हणाला आणि निघून गेला. पुढे अमेरिकनांनी तिथे जमीन घेतली. शेवटी जपानी अधिकारी गेले, तर रताळी लावून तिथेच राहिलेल्या गोऱ्या आणि हवाईच्या माणसांनी जपानचं राज्य मान्य असल्याच्या सह्या केल्या. का केल्या असतील? त्यांना घरी परत बोलावणारं कुणीच नसेल का?

आम्हाला तर तुम्ही तीन वर्षांपूर्वीच्या भूकंपापासून परत बोलावताय. पुण्यात आमच्यासाठी ठेवलेल्या फ्लॅटच्या दारासाठी आमच्या नावांची पितळी पाटीसुद्धा पाठवलीत, तुमच्या अक्षरात कोरलेली. इथे भाड्याच्या घरात खिळा ठोकू देत नाहीत, म्हणून ती कपाटातच होती.

काल प्रसन्नने ती ठोकली. आमच्याच दारावर, बाबा. आम्ही इथे घर घेतलं.

तुमच्या नातीला, कादंबरीला, मराठी वाचता येत नाही. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि जपानीत विचारलं, "हे कुणाचं घर?"

हे पत्र मी पाठवणार नाही, ठाऊक आहे. पण पाटी तुमची आहे. हक्क सांगायला तरी या.

तुमची,
उल्का