लॉन मीच कापलं

अहो,

तणावर आज औषध मारू नका. तण पानांनी भरू दे म्हणून आठवडाभर तुम्हाला गवताला हात लावू दिला नाही, आणि काल दवाखान्यातून फोन आल्यावर मीच मशीन काढून अख्खं लॉन भादरून टाकलं. "रिपोर्ट आलाय, समक्ष या," एवढंच म्हणाली ती बाई. जीव थाऱ्यावर नव्हता, काय करू! आता पानंच नाहीत, तर औषध मुळापर्यंत उतरणार कुठून? काय बोलायचं ते बोला, पण संध्याकाळी.

रिपोर्ट आणायला एकटीच जातेय. तुम्ही बरोबर आलात की डॉक्टरांना आधी तुमचंच बीपी बघावं लागतं.

आठ-दहा दिवसांत पानं फुटतील. तेव्हा कोरडा दिवस बघून मारायचं, पण कडाक्याची थंडी पडायच्या आत. यंदा चुकलं, तर थंडी सरल्यावर सगळं तण पुन्हा डोकं वर काढेल.

मीच मारेन. तरी पाण्यात औषध किती घालायचं ते बाटलीवर लिहून ठेवलंय, तुम्हाला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत.